डब्यातली बिअर आणि सोवळेकरी

मध्यंतरी इथल्या एका ओळखीच्या मुलाने पहिल्यांदाच घरी बिअर केली. किट आणलं, तेवीस लिटर बिअर केली, बाटल्या भरल्या, आणि मोठ्या कौतुकाने त्यातल्या दोन घेऊन एका जाणकारांकडे गेला. जाणकारांनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला आणि पहिला घोट घ्यायच्या आधीच विचारलं, "किटची का?" हा बिचारा "हो" म्हणाला. "मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी ग्लास खाली ठेवला.

आता तो मुलगा पिंप, नळ्या, बाटल्या सगळं कुणाला तरी देऊन टाकायच्या विचारात आहे.

हे "मग ठीक आहे" माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. मीही ते एकदा ऐकलंय, आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. म्हणून हा प्रपंच.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी राहतो त्या इंग्लंडमध्ये घरी पिण्यापुरती बिअर करायला कसलाही परवाना लागत नाही. (विकायची मात्र नाही.) किट म्हणजे एक दीड-पावणेदोन किलोचा डबा. सातूला, म्हणजे बार्लीला, मोड आणून, वाळवून, गरम पाण्यात भिजवून तिच्यातला गोडवा उतरवून घेतलेला असतो आणि तो आटवून काकवीसारखा दाट केलेला असतो. हॉप्सचा कडूपणाही त्यातच आलेला असतो. झाकणाखाली यीस्टचं छोटंसं पाकीट. डबा गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, गार पाणी ओतून तेवीस लिटर करायचं, वरून यीस्ट भुरभुरायचं आणि झाकण लावून ठेवून द्यायचं. अर्ध्या तासाचं काम. पोरखेळ वाटतो. आणि तिथेच सगळी गडबड आहे.

घरी बिअर करणाऱ्यांमध्ये एक जमात आहे. ही मंडळी मोड आणून वाळवलेला सातू आणतात, स्वतः भरडतात, ६५-६६ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवतात, निथळतात आणि मग पुन्हा तासभर हॉप्सबरोबर उकळतात. पाच-सहा तास सहज जातात. काम कष्टाचं आहे, कौशल्याचं आहे. मीही अधूनमधून हौसेने करतो. माझं भांडण त्या कामाशी नाही, त्यातून जे सोवळं तयार होतं त्याच्याशी आहे. सातू स्वतः भिजवला तरच ती "खरी" बिअर. डबा फोडला की विटाळ झाला.

आता मला सांगा, आपल्याकडे रात्री दूध कोमट करून विरजण लावणाऱ्या बाईला "तुमची म्हैस कुठे बांधलीय?" असं कुणी विचारतं का? दूध पिशवीतलं असतं, तरी दही तिचंच असतं. कारण दही लावण्यातली अक्कल दूध आणण्यात नसते. दूध किती कोमट हवं, विरजण किती, भांडं कुठे ठेवायचं, थंडीत कशात गुंडाळायचं, आणि मुख्य म्हणजे त्याला हात कधी लावायचा नाही, यात असते. बिअरचंही नेमकं तेच आहे. डब्यातल्या अर्कात किंवा सातूच्या पाण्यात अल्कोहोलचा थेंबही नसतो. तो नुसता गोड काढा असतो. त्याची बिअर यीस्ट करतं. माणूस फक्त यीस्टची बडदास्त ठेवतो. आणि किट घेतलेल्या माणसाला ही बडदास्त तितकीच ठेवावी लागते. त्यात पैशाभराची सूट नाही.

शिवाय डब्याला काही इतिहासच नाही, असंही म्हणायची सोय नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात बंद पडायच्या बेतात आलेल्या मोठमोठ्या बिअर कंपन्यांनी सातूच्या अर्काचे डबे विकले. सांगायला ते पाव-बिस्किटांसाठी होते. त्या डब्यांचे पाव किती झाले आणि बिअर किती झाली ते गिऱ्हाइकांनाही ठाऊक होतं आणि कंपन्यांनाही! इंग्लंडात १८८० सालच्या कायद्याने घरी बिअर करायला परवाना लागू झाला तो थेट १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्याने काढून टाकला. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत बूट्ससारख्या औषधांच्या दुकानातसुद्धा बिअरची किटं मिळायला लागली. ज्याच्याकडे मोठी भांडी नाहीत, परसदार नाही, अख्खा शनिवार मोकळा नाही, अशा माणसाच्या स्वयंपाकघरात बिअर पोचली ती या डब्यातून. त्या डब्याला नाक मुरडताना निदान एवढं तरी आठवावं.

हे वाचून तुम्हाला वाटेल की मी किट विकणाऱ्यांची वकिली करतोय. थांबा जरा.

२०१२ च्या जानेवारीत मी पहिलं किट लावलं. डब्याबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं की चार ते सहा दिवसांत आंबण्याची क्रिया पूर्ण होते आणि बुडबुडे थांबले की बाटल्या भराव्यात. सहाव्या दिवशी, रविवारी, बुडबुडे थांबलेले होते. मी खूश. बरोबरच्या सामानात काचेचा एक हायड्रोमीटर आला होता, तो मी शोभेचा समजून ड्रॉवरमध्ये टाकला होता. कागदावर त्याचा उल्लेख होता, पण अगदी बारीक अक्षरात आणि तोही "असल्यास" असा. तर मी प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर घातली, चव्वेचाळीस बाटल्या भरल्या, झाकणं ठोकली आणि जिन्याखालच्या कपाटात ओळीने लावून ठेवल्या. पलीकडेच बॉयलर, त्यामुळे कपाट घरातलं सगळ्यात उबदार.

तीन आठवड्यांनी रात्री अडीचच्या सुमाराला खाली बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. मग आणखी एक. मग एकदम तीन-चार. खाली जाऊन बघतो तर कपाटाच्या दाराखालून फेस वाहतोय. दार उघडायचा धीर झाला नाही. सकाळी जाड कोट, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा असा जामानिमा करून उघडलं. सहा बाटल्या फुटल्या होत्या. काचेचा एक तुकडा दाराच्या लाकडात आतून रुतून बसला होता. जमिनीपासून साधारण तीन फुटांवर.

त्या कपाटात माझ्या मुलीचे शाळेचे बूट असायचे. ती तेव्हा सात वर्षांची होती. रोज सकाळी आठला ती स्वतः दार उघडून, आत वाकून बूट काढायची.

उरलेल्या बाटल्या मी त्या दिवशी एकेक करून जाड टॉवेलात गुंडाळून बाहेर थंडीत नेल्या, चांगल्या गार होऊ दिल्या आणि टॉवेलाखालीच झाकणं सैल करून सगळी बिअर गवतावर ओतली. मग दोन माणसांना विचारलं की असं का झालं. ज्याच्याकडून किट घेतलं तो दुकानदार म्हणाला, "साखर जास्त पडली असेल." आणि एक जाणते सोवळेकरी म्हणाले, "किटची होती ना? मग असंच होणार."

दोन्ही उत्तरं चूक होती. पण खरा कळीचा मुद्दा असा की दोन्ही एकाच प्रकारे चूक होती. दोघेही डब्याकडे बघत होते. यीस्टकडे कुणीच बघत नव्हतं.

झालं होतं ते असं. जानेवारीत आमच्या घरात रात्री हीटिंग बंद असायचं. पिंप स्वयंपाकघराच्या गार फरशीवर होतं. यीस्टला थंडी वाजली की ते काम अर्धवट टाकून तळाशी जाऊन बसतं. बुडबुडे थांबतात. पण ते काम संपलं म्हणून नव्हे, कामगार झोपले म्हणून. मग मी त्यांना बाटलीत कोंडून उबदार कपाटात ठेवलं. ते जागे झाले आणि राहिलेलं काम त्यांनी इमानेइतबारे पुरं केलं. पण आता वायूला बाहेर जायला वाट नव्हती.

हिशेब सोपा आहे. हायड्रोमीटर साध्या पाण्यात १.००० दाखवतो. किटचं गोड पाणी सुरुवातीला १.०४० च्या आसपास असतं आणि यीस्टने साखर खाऊन संपवली की ते १.०१० च्या जवळपास किंवा थोडं खाली येऊन थांबतं. बाटलीत फेस यायला लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर पुरते. १.०१० ला थांबणारी बिअर जर १.०१८ ला बाटलीत भरली, तर लिटरमागे आणखी पंधरा-वीस ग्रॅम साखर आत शिल्लक राहते. म्हणजे हवा त्याच्या तिप्पट-चौपट दाब. माझा नेमका आकडा काय होता ते मला कधीच कळणार नाही, कारण तो सांगणारी काचेची नळी ड्रॉवरमध्ये होती. आणि हेही लक्षात घ्या, त्या पिंपात डब्याऐवजी सोवळेकऱ्यांनी सहा तास खपून काढलेला सातूचा अर्क असता, तरीही त्या बाटल्या फुटल्याच असत्या.

म्हणून माझा राग दोघांवरही आहे.

डब्याबरोबरच्या कागदावर जास्त, कारण तो कागद वाचणाऱ्याला दुसरं काहीच माहीत नसतं. तो "सहा दिवस" म्हणतो, कारण "सहा आठवडे" लिहिलेला डबा विकला जाणार नाही. तो पिंप २१ ते २७ अंशांत ठेवायला सांगतो, कारण उबेत यीस्ट भराभर धावतं. पण बहुतेक साधी एल यीस्टं १८ ते २० अंशांत नीट वागतात. वर गेली की बिअरला केळ्यासारखा वास आणि घशाला लागणारा दारूचा उग्रपणा येतो. तो किलोभर साखर घालायला सांगतो, कारण साखर तुमच्या घरात असते आणि त्यामुळे डबा स्वस्त वाटतो. त्या बिअरमधलं जवळजवळ निम्मं अल्कोहोल मग सातूचं नसून साखरेचं असतं. पातळ लागली तर नवल काय! आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे बिअरला दवाखान्यासारखा वास येऊ शकतो हे तर तो सांगतच नाही. एवढं सगळं झाल्यावर नवशिक्याची बिअर बिघडते, आणि सोवळेकरी म्हणतात, बघा, आम्ही सांगितलं नव्हतं? कागद खोटं बोलतो आणि सोवळेकरी त्या खोट्यावर शिक्कामोर्तब करतात. मधल्या मध्ये नवशिक्या स्वतःलाच बोल लावून पिंप देऊन टाकतो.

सोवळेकऱ्यांचं आवडतं दैवत म्हणजे बव्हेरियातला १५१६ सालचा शुद्धतेचा कायदा. बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही नको. उत्तम. पण त्या यादीत यीस्टचं नाव नाही! सगळं काम ज्याने करायचं तोच यादीतून गायब. आंबण्यामागे जिवंत यीस्ट आहे आणि बिअर नासते ती दुसऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, हे पाश्चरने १८७६ साली आपल्या बिअरवरच्या ग्रंथात मांडलं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेनने १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. या गोष्टीला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि आपण अजून विचारतो काय, तर "किटची का?"

खरं सोवळं हवंच असेल तर ते भांड्यांचं पाळा. गार झालेल्या काढ्याला जे जे लागणार, पिंप, चमचा, नळी, तुमचे हात, ते सगळं निर्जंतुक. त्यासाठी धुवून टाकावं न लागणारं द्रावण मिळतं ते वापरा. ब्लीच वापरून नीट धुतलं नाही तर पुन्हा तोच दवाखान्याचा वास.

मी दुसऱ्यांदा मुद्दाम तोच डबा आणला. तोच छाप, तीच किंमत. पाण्यात आदल्या दिवशी कॅम्पडनची अर्धी गोळी चुरून टाकली, म्हणजे क्लोरीनचा प्रश्न मिटला. साखरेऐवजी किलोभर सातूच्याच अर्काची पावडर घेतली. झाकणाखालचं पाकीट बाजूला ठेवून अकरा ग्रॅमचं ताजं यीस्ट घेतलं. पिंप पाण्याने भरलेल्या टबात ठेवून त्यात माशांच्या टाकीचा हीटर सोडला आणि १९ अंश धरून ठेवले. आणि दोन आठवडे झाकण उघडलं नाही. यीस्टला साखर संपवल्यावरही काम असतं. आधी स्वतःच केलेली घाण, तो कच्च्या सफरचंदाचा आणि खवट लोण्याचा वास, ते नंतर सावकाश निस्तरतं. त्याला तेवढी सवड द्यावी लागते. लोणचं मुरू देणाऱ्या लोकांना हे कुणी शिकवायला हवं का? मग तीन दिवस रोज हायड्रोमीटर लावला. १.०१२, १.०१२, १.०१२. तेव्हा कुठे बाटल्या, आणि त्याही प्लास्टिकच्या. प्लास्टिकची बाटली हाताने दाबून आतला दाब कळतो, आणि काही चुकलंच तर ती फुटली तरी काचा उडत नाहीत. नवशिक्याने पहिली बिअर काचेत भरूच नये, हे कागदावर पहिल्या ओळीत, ठळक अक्षरात छापलेलं असायला हवं.

ती काही जगातली सर्वोत्तम बिअर नव्हती. पण ती बिअर होती. स्वच्छ, साधी, दुसरा ग्लास मागावासा वाटेल अशी.

आता घरच्यांच्या आक्षेपाबद्दल. फोनवर आईने पहिला प्रश्न विचारला होता, "अरे, हातभट्टी लावलीस की काय? डोळे जातात त्याने!" तिचं चुकलं नव्हतं. ज्या राज्यात २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, तिथली आई दुसरं काय विचारणार? पण तिथे माणसं मेली ती कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. सातूचा अर्क आंबवून कुणी आंधळं होत नाही. बिअरमध्ये ऊर्ध्वपातन नसतंच. (ते इंग्लंडमध्येही परवान्याशिवाय करता येत नाही. आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर करणंही गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून पुण्यात पिंप आणू नका.) घरच्या बिअरमधला खरा धोका विषाचा नाही, अधीरपणाचा आहे. लोक भलत्याच गोष्टीला भितात आणि ज्याला भ्यायचं ते बुटांशेजारी ठेवतात. मीही तेच केलं होतं.

सोवळेकऱ्यांचं एक म्हणणं मात्र मान्य केलं पाहिजे. सातूपासून सुरुवात केली की हवा तो रंग, हवी ती चव आपल्या हातात येते. डब्यात ती कुणीतरी आधीच ठरवलेली असते. आणि डबा दुकानात फार दिवस पडून राहिला तर अर्क काळपट होतो, त्याची शिळी चव बिअरमध्ये उतरते. म्हणून डब्यावरची तारीख बघून घ्यावी. पण हा पुढच्या इयत्तेचा अभ्यास झाला. आंबवणं ज्याला येत नाही त्याने सहा तास सातू भिजवला काय आणि अर्ध्या तासात डबा फोडला काय, शेवट सारखाच.

तेव्हा जाणकारांना एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी कुणी पोरगा बाटली घेऊन आला तर "किटची का?" विचारू नका. "किती अंशांत ठेवली होतीस?" विचारा. "आकडा किती दिवस स्थिर होता?" विचारा. त्या दोन प्रश्नांनी त्याची पुढची बिअर सुधारेल, आणि कदाचित त्याच्या घरातलं एखादं कपाटही वाचेल.

त्या मुलाला मी सांगितलंय, पिंप कुणाला देऊ नकोस. पुन्हा तोच डबा आण. हायड्रोमीटर नसेल तर माझा घेऊन जा. मी तो आता ड्रॉवरमध्ये ठेवत नाही. जिन्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून, जिथे लाकडात ती खाच आहे ना, तिथेच खिळा ठोकून त्याची नळी टांगलीय.